धार बंद पडली तेव्हा

"चार मिन्टं झाली. आन आता काठाला," बजरंग आबा म्हणाले, आणि आरतीने निमूटपणे बोट वळवली.

परंदवडीच्या मागच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. दसरा होऊन आठ दिवस झाले होते. तलाव तुडुंब भरला होता आणि पाण्याखाली शेवाळ माजलं होतं. दर रविवारी सकाळी आरती आपली साडेतीन फुटी, रिमोटवर चालणारी बोट खांद्यावर घेऊन इथे यायची आणि तिच्या मागे घडीची खुर्ची घेऊन आबा. आरती एकोणतीस वर्षांची, तळेगावच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला. आबा तिच्या नात्याचे नव्हते, शेजारचे. सोमाटणे फाट्यावर त्यांचं दुकान होतं. पंपाच्या जळालेल्या मोटारींमधल्या तारा काढून नव्या भरायच्या, हेच त्यांनी जन्मभर केलं. आता हात कापायचे, म्हणून दुकान बंद होतं.

बोटींचा नाद आरतीला तीन वर्षांपूर्वी लागला. तुंगार्लीच्या तलावावर पुण्याहून आलेली माणसं रिमोटवर बोटी पळवत होती, ते तिने पाहिलं आणि घरी येऊन प्लायवूड कापायला घेतलं. त्यांच्या बोटींतल्या मोटारी तिला परवडणाऱ्या नव्हत्या. तिने भंगारातल्या ड्रिल मशीनमधून मोटार काढली. असल्या मोटारीत कार्बनचे दोन तुकडे फिरत्या तांब्यावर सतत घासत असतात. भार वाढला की त्या घासण्यातून ठिणग्या पडतात आणि मोटार तापते. आरतीला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. बोट जोरात पळावी म्हणून तिने मागे पाण्यात फिरणारा मोठा पंखा लावला आणि तुंगार्लीला सगळ्यांसमोर बोट सोडली. दोन मिनिटांत झाकणाच्या फटीतून धूर आला. मग आतून प्लास्टिक पेटलं. बोट जळत जळत बुडाली आणि काठावरचे लोक मोबाइलवर चित्रण करत राहिले.

तराफ्यावरून जाऊन कुणीतरी ती काढून आणली. आरती जळकी मोटार घेऊन आबांकडे गेली. त्यांनी ती उघडली, वास घेतला आणि म्हणाले, "पंखा मोठा लावलास. मोटार फिरायचं म्हनती आन पानी तिला फिरू देत न्हाई. मग सगळा जोर उष्णता हून तारांतच बसतो."

त्यानंतर त्यांनी तिच्याबरोबर दुसरी बोट बांधली. पंखा लहान घेतला. मोटारीपासून पंख्यापर्यंतची सळई तिळभर वाकडी राहिली तरी ते सोडायचे नाहीत. काढायला लावायचे, ग्रीस भरून पुन्हा बसवायला लावायचे. मोटारीभोवती त्यांनी अॅल्युमिनियमच्या बारीक नळीचे वेढे घातले. पंख्याच्या मागच्या भोकातून तलावाचं पाणी त्या नळीत शिरायचं, मोटारीची उष्णता घेऊन फिरायचं आणि बोटीच्या डाव्या कुशीतून पिचकारीसारखं बाहेर पडायचं. ती धार दिसतेय तोवर मोटार गार राहतेय असं समजायचं. शिवाय चार मिनिटं पळवली की दहा मिनिटं विसावा, हा नियम. आरतीने तो कधी मोडला नाही. तुंगार्लीचा तो वास तिच्या नाकातून गेलाच नव्हता. बोट पाण्यात असली की तिचं निम्मं लक्ष त्या धारेवर आणि निम्मं आबांच्या हातातल्या घड्याळावर असायचं.

त्या रविवारी बोट नुकतीच काठाला लागली होती, तेवढ्यात पलीकडून बाईचं ओरडणं ऐकू आलं. शब्द कळेनात. मग बांधावरून धावत येणारी कमळाबाई दिसली. वरच्या वाडीतली. ती आणि तिचा नवरा कोंडू याच तलावात मासे धरायचे आणि सोमाटण्याच्या बाजारात विकायचे.

"धनी अडकलाय," ती धापा टाकत म्हणाली. "तितं, बाभळीपाशी. ट्यूब बसाय लागलीया."

आरतीने बघितलं. शंभर-सव्वाशे मीटरवर, जिथे तलाव भरला की जुनी बाभूळ पाण्याखाली जाते, तिथे काळी ट्यूब दिसत होती. ट्रकच्या टायरची ट्यूब, वर फळी बांधलेली. कोंडू नेहमी त्यावर पालथा पडून जाळं सोडायचा. आता तो फळीवर नव्हता. ट्यूबचं एक अंग पाण्यात गेलं होतं आणि दुसऱ्या अंगाला एक हात धरून होता. तो ओरडत नव्हता. नुसताच हात आणि डोकं.

"जाळं बाभळीत गुतलं," कमळाबाई सांगत होती. "सोडवाय गेला तर पायच गुतला त्याचा. काट्यानं ट्यूब फाटली. मला म्हनला, मानसं आन."

ओरडणं ऐकून खालच्या मळ्यात राहणारा पवन धावत आला, मागोमाग आणखी काही माणसं. त्याने आधी फोन लावला. लोणावळ्याहून बचाव पथक निघतंय, पाऊण तास तरी लागेल, असं उत्तर आलं. पवन पट्टीचा पोहणारा. त्याने मळ्यातून आणलेला नायलॉनचा लांबलचक दोर कमरेला बांधला, शर्ट काढला आणि पाण्यात उतरला. वीस-पंचवीस हात गेला असेल नसेल, त्याचे हात संथ झाले. मग तो जागच्या जागी खालीवर होऊ लागला. आबांनी आणि आरतीने दोर ओढून त्याला काठाला आणला. त्याच्या दोन्ही पायांना शेवाळाच्या हिरव्या दोऱ्या मांडीपर्यंत गुंडाळल्या होत्या. तो खोकत राहिला, बोलता येईना. गेल्या वर्षी याच पाण्यात एकाला वाचवायला गेलेला दुसरा बुडाला होता. त्याचं नाव कुणी काढलं नाही, पण काठावर जमलेल्या सात-आठ माणसांपैकी मग कुणीच पुढे झालं नाही.

"आरती," आबा म्हणाले, "बोट."

"आबा, ती माणूस ओढणारी बोट नाही."

"मानूस नगं वडू. दोरी तर न्हेती का न्हाई?"

कमळाबाईच्या पिशवीत तंगुसाचं मोठं रीळ होतं, मासे धरायचं. हलका, पण चिवट दोरा. त्याचं एक टोक बोटीला बांधायचं, दुसरं पवनच्या जाड दोराला. कोंडूने तंगूस ओढला की मागून दोर त्याच्यापर्यंत जाईल. हे सगळं आबा बोलत होते आणि आरतीचे हात आधीच झाकण काढत होते. तिने मोटारीला हात लावला. गरम होती. आत्ताच चार मिनिटं पळून आलेली. दहा मिनिटांचा विसावा कुठून आणायचा?

आबांनी खांद्यावरचा पंचा पाण्यात बुचकळला आणि मोटारीवर दाबून धरला. आरतीने तंगूस मागच्या टोकाला न बांधता बोटीच्या मधोमध उभ्या असलेल्या काडीला, वरच्या बाजूला बांधला. मागे बांधला असता तर ढिला पडल्यावर पंख्यात गेला असता. कमळाबाईची मासे कापायची बारकी सुरी तिने चिकटपट्टीने झाकणावर चिकटवली, जाळं कापायला.

"लवकर सोड गं पोरी."

"सोडते मावशी."

बोट निघाली. आरतीने रिमोटची कांडी निम्म्यावर ठेवली, त्यापुढे नेली नाही. डाव्या कुशीतून धार उडाली, उन्हात चमकली. पवन गुडघाभर पाण्यात उभा राहून रीळ सोडत होता. पहिले तीस मीटर बोट सरळ गेली. मग भिजलेल्या तंगुसाचा भार लागायला लागला आणि तिचं नाक किंचित वर आलं. दर मीटरला मागचा दोरा वाढत होता, म्हणजे मोटारीचं ओझं वाढत होतं. एरवी ती मोटारीच्या आवाजावरून अंदाज घ्यायची. आता आवाज पोचत नव्हता. शंभर पावलांवरच्या एका बंद डब्यात काय तापतंय, किती तापतंय, हे कळायला तिच्याकडे एवढ्या लांबून दिसणारी एक पाण्याची रेघ होती. बाकी काही नाही.

"अर्धं मिनिट," आबा म्हणाले.

साठ-सत्तर मीटरवर ती रेघ बारीक झाली. आरतीला वाटलं, ऊन डोळ्यांवर आलं असेल. तिने डोळे बारीक केले. धार तुटक झाली, दोनदा उचकी लागल्यासारखी उडाली आणि बंद पडली.

तिने अंगठा उचलला. बोट थांबली.

"का थांबलीस?" कमळाबाईने विचारलं.

"नळीत शेवाळ गेलंय. पाणी फिरत नाहीये."

"चालत तर हुती की."

"चालली असती अजून थोडी. मग जळाली असती."

काठावरचे लोक ओरडायला लागले. जाऊ दे पुढं, घाल जोर, बघतीस काय. कोंडूचं डोकं आता दर थोड्या वेळाने पाण्याखाली जाऊन वर येत होतं. ट्यूबचा काळा भाग मघाच्या निम्मा उरला होता. कमळाबाईने आरतीचं मनगट धरलं. तिची बोटं थंडगार होती आणि ती जोर लावून, अगदी हाडापर्यंत रुतवत होती. "पोरी, तो चाललाय. दिसंना का तुला? चाललाय तो."

मग आबाही म्हणाले, "घाल आरती. जळली तर जळू दे. मोटारीचं काय एवढं?"

तिने आबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि हातातल्या घड्याळाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. इतकी वर्षं मोटारींना जपायला शिकवणारा हा माणूस घाबरून मोटार जाळायला सांगत होता. आणि आरतीलाही तेच करावंसं वाटलं. कांडी पुढे ढकलायची, म्हणजे हे ओरडणं थांबेल, मनगटावरची ती बोटं सुटतील. जे होईल ते होईल. तिचा अंगठा कांडीवर गेलासुद्धा. पण बोट सत्तर मीटरवर जळून थांबली तर तिथेच थांबणार होती. दुसरी बोट नव्हती. कोंडूपर्यंत पोचायचं ते याच मोटारीने, नाहीतर पाऊण तासाने.

"मोजा आबा," ती म्हणाली. "नव्वदपर्यंत मोजा, तेवढी निवू दे तिला. पवन, तंगूस ताठ धर. ओढू नकोस, नुसता ताठ."

आबा मोजायला लागले. वीसपर्यंत त्यांचा आवाज फुटत होता. कमळाबाईने मनगट सोडलं आणि ती खाली चिखलात बसली. कुणीतरी म्हणालं, खेळण्याच्या नादात मानूस मारती ही. आरतीने ते ऐकलं. तिने कोंडूकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत राहिली. पंचेचाळीसला त्याचं डोकं खाली गेलं. बावन्नला वर आलं. मधले ते सात आकडे आबांनी न अडखळता म्हटले. ते कसे म्हटले हे त्यांना नंतर आठवेना.

नव्वद झाले. अडकलेलं शेवाळ सुटावं म्हणून आरतीने कांडी मागे ओढली, क्षणभरच. पंखा उलटा फिरला, बोट मागे सरकली, दोऱ्याला ढील पडतेय असं वाटताच पवनने तो आपल्याकडे घेतला. काही झालं नाही. पुन्हा एकदा. पुन्हा काही नाही. पंख्यात तंगूस गेला तर सगळं संपलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिसऱ्या वेळी बोटीच्या मागून शेवाळाचा एक पुंजका वर आला आणि बाजूला वाहत गेला.

तिने कांडी हळूच पुढे केली. बोट निघाली. धार नव्हती. एक, दोन, तीन. मग डाव्या कुशीतून गढूळ पाण्याचा फवारा आला, थांबला, पुन्हा आला आणि लांब, सलग रेघ पडायला लागली.

आता तिने जोर पावच ठेवला. बोट चालत राहिली तरच नळीत पाणी फिरणार होतं, म्हणून थांबायचं नव्हतं, आणि पळवायचंही नव्हतं. उरलेले चाळीस-पन्नास मीटर बोट पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गेली. वाऱ्याने ती डावीकडे वाहवली आणि कोंडूपासून दोन हातांवरून पुढे निघून गेली. तिने बोट हळू, मोठ्या वळणाने फिरवली, कारण घाईने वळवली तर दोरा बाभळीत अडकला असता. दुसऱ्यांदा ती त्याच्या हातापाशी आली. हात हलला नाही.

"कोंडूभाऊ," पवन ओरडला. "धरा ती."

हात ट्यूबवरून सुटला, पाण्यात गेला आणि बोटीवर पडला. त्याच क्षणी आरतीने मोटार बंद केली. बोट धरून ठेवलेली आणि मोटार चालू, असं दोन-चार सेकंद राहिलं असतं तरी ती गेली असती. पण आता मोटारीचं काम संपलं होतं हे तिला त्या वेळी सुचलं नाही.

कोंडूने सुरी काढायला फार वेळ लावला. चिकटपट्टी तो दातांनी तोडत असावा. मग तो पाण्याखाली गेला. कमळाबाई उठून उभी राहिली होती, ती पाण्यात शिरू लागली तेव्हा दोघांनी तिला धरलं. कोंडू वर आला, श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेला. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याने सुरी टाकून दिली आणि तंगूस ओढायला लागला. दोर सरसरत पाण्यावरून त्याच्याकडे गेला. त्याने तो काखेखालून गुंडाळला. गाठ मारायचं बळ नव्हतं, नुसताच मुठीत आवळून धरला.

"सावकाश ओढा," पवन म्हणाला. सहा माणसांनी दोर ओढला. कोंडू शेवाळ घेऊन, फुटकी ट्यूब घेऊन, मागे अडकलेली ती बोट घेऊन काठाला आला. त्याच्या घोट्याला जाळ्याचा तुकडा रुतला होता आणि रक्त येत होतं. ओठ जांभळे. कमळाबाईने त्याला आपल्या पदरात गुंडाळला आणि त्याच्या छातीवर तळहाताने घासत राहिली. पथक आलं तेव्हा तो उठून बसला होता. तरीही ते त्याला तळेगावला दवाखान्यात घेऊन गेले, दोन दिवस ठेवून घेतलं.

आरती घरी कशी आली ते तिला आठवत नाही. रिमोट तिच्या हातातच होता आणि तो आईने बोटं सोडवून काढून घेतला.

संध्याकाळी आबांनी मोटार उघडली. कार्बन झिजून नखाएवढे उरले होते. तांब्याचा भाग निळा पडला होता आणि एका तारेच्या टोकाचं कथिल वितळून थेंबासारखं लोंबत होतं. आबा चष्मा लावून त्या थेंबाकडे बराच वेळ बघत बसले.

"मी तुला घाल म्हनलो," ते म्हणाले.

"सगळेच म्हणत होते आबा."

"सगळ्यांना कुटं काय कळतंय? मला कळत हुतं." मोटार त्यांनी कागदात गुंडाळून ठेवली, टाकली नाही.

लोकांनी आरतीचं कौतुक केलं, ग्रामपंचायतीने शाल-नारळ दिला. तिच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही. कारखान्यात वार्निश तापल्याचा वास आला की ती काम टाकून बाहेर जायची. डोळे मिटले की पंचेचाळीस ते बावन्न एवढंच दिसायचं. तो बावन्नला वर आला नसता तर? मोटार वाचवायला ती थांबली आणि माणूस गेला, असं सगळ्या मावळाने म्हटलं असतं, आणि तिनेही. तीन रविवार ती तलावाकडे फिरकली नाही.

चौथ्या आठवड्यात कमळाबाई घरी आली. फडक्यात बांधलेली दोन मरळ तिने ओट्यावर ठेवली आणि दारातच टेकली. आरतीने चहा ठेवला. कमळाबाईने तो बशीत ओतला.

"तू थांबलीस ना," ती म्हणाली, "तवा मी मनात तुजं मरान मागितलं. खरं सांगते. तो गेला आसता तर तुला जिती सोडली नसती."

आरतीने मान हलवली. "मला कळत होतं, मावशी. मनगटावर वळ होते आठ दिवस."

"भ्याली हुतीस?"

"अजून भीती जात नाही."

"माजीबी जात न्हाई," कमळाबाई म्हणाली. मग पुढे, "तो परत जातोय पान्यात. सोमवारपास्नं. नवी ट्यूब घेतली. पोटाला पायजे, काय करनार? मी बसती काठाला. पहिलं मासं घ्यायापुरती येत हुते, बसत न्हवते."

आरतीने चहाचे कप विसळले. मग कोपऱ्यातली वही घेतली आणि कमळाबाईच्या शेजारी येऊन बसली.

"मावशी, झाडं कुठं कुठं आहेत पाण्याखाली? आणि शेवाळ कुठं दाट असतं? मला दाखवा."

कमळाबाईला वही-पेन धरता येत नव्हतं. तिने बोटाने फरशीवर तलाव काढला, विसळलेल्या कपात उरलेल्या पाण्याने. हा बांध, ही बाभूळ, हितं दोन करंज, हितून वाट मोकळी. आरती बघून बघून वहीत उतरवत गेली. पाणी वाळलं की कमळाबाई पुन्हा बोट बुडवायची.

रविवारी आरती गेली. आबा आधीच येऊन बसले होते. नव्या मोटारीच्या पाण्याच्या तोंडाशी त्यांनी बारीक जाळी बसवून आणली होती. तरी बोट पाण्यात ठेवण्याआधी आरतीने ती जाळी दोनदा बोटाने चाचपली, आणि पलीकडच्या काठावर कमळाबाई हाताच्या आडोशाने पाण्याकडे बघत बसली होती.